शिरोलीच्या फाउंड्रीतून कोचिंगकडे: विचारलंत म्हणून एकदाच सगळं

मेल्टशॉप

नोकरी सोडण्याच्या धाग्यावर मी सहज दोन ओळी टाकल्या, की फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) सोडून आता कोचिंग करते, आणि वीज गेल्यावरचा भट्टीचा एक प्रसंग. कोचिंग म्हणजे शिकवणी नव्हे, माणसाचं ऐकून त्याला त्याची वाट शोधायला मदत. तर विपू (निरोपांची जागा) भरून गेली. प्रत्येकीला वेगळं लिहीत बसण्यापेक्षा इथंच लिहिते. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी मेटलर्जीची डिप्लोमा. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सँड लॅबला चिकटले आणि त्याच कंपनीतून प्लँट हेड म्हणून बाहेर पडले. कंपनीचं नाव विचारू नका. बाहेरच्यांसाठी सांगते, कोल्हापूर म्हणजे नुसता तांबडा-पांढरा आणि चपला नव्हेत. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात ओतकामाचे शेकडो कारखाने आहेत. ट्रॅक्टर, ट्रक, पंप, व्हॉल्व्ह यांचे बिडाचे भाग इथून देशभर जातात.

सँड लॅबचं काम म्हणजे वाळू, बेंटोनाइट, कोळशाची भुकटी आणि पाणी यांचा मेळ बघायचा. पाणी साधारण साडेतीन टक्क्यांच्या आसपास. वाढलं की कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, ब्लो होल (हवेच्या पोकळ्या), घटलं की मोल्ड, म्हणजे वाळूचा साचा, ढासळतो. मी दर तासाला रिपोर्ट द्यायची आणि मोल्डिंगची माणसं तो घडी करून खिशात घालायची. तिथं एक म्हातारे मोल्डर होते. ते मूठभर वाळू घेऊन दाबायचे, मग ती लादी मधोमध मोडायचे, मोडलेली कड बघायचे आणि म्हणायचे, "पाणी जास्त हाय." बहुतेक वेळा माझ्या मशिनचा आकडा तेच सांगत असायचा. मग मी त्यांच्याकडून मूठ शिकले. आधी वाळू दाबून अंदाज मोठ्यानं बोलायची आणि नंतर मशिनचा कागद दाखवायची. त्यानंतर रिपोर्ट खिशात जायचे बंद झाले.

बाईला काय काय सोसावं लागलं, असं विचारणाऱ्यांसाठी एकच सांगते. खात्यात लेडीज टॉयलेट नव्हतं. यार्ड ओलांडून ऑफिसच्या इमारतीत जायचं, पावसात सुद्धा. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये बायकांसाठी वेगळी सोय सक्तीची आहे, हे मी तोंडी सांगून थकले. शेवटी एका ग्राहकाच्या ऑडिटमध्ये तो मुद्दा लाल शाईत आला आणि आठवड्यात बांधकाम उरकलं. कायद्यापेक्षा ऑर्डरला वजन जास्त!

बढती अडली ती वेगळ्याच कारणानं. त्या काळी रात्रीची वीज स्वस्त, म्हणून मेल्टिंग रात्री. आणि त्याच कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे संध्याकाळी सात ते सकाळी सहा बाईला कामावर ठेवायचं नाही. म्हणजे कारखान्याचं मुख्य काम चालायचं तेव्हा मी घरी. सकाळी सहाला येऊन रात्रीचं लॉगबुक वाचायचं आणि न बघितलेल्या हीटवर (भट्टीच्या खेपेवर) बोलायचं. त्याचा एक फायदा झाला. जे बघितलं नाही त्याबद्दल माणसाला नीट विचारायची सवय लागली. "कोणी केलं" असं विचारलं की सगळे गप्प. "भट्टी चार्ज केल्यापासून सांगा" म्हटलं की आपोआप सगळं बाहेर यायचं.

आता भट्टीचा तो प्रसंग, ज्याबद्दल सगळ्यात जास्त विचारणा झाली. जुलै महिना, धो धो पाऊस, दुपारी चारच्या सुमाराला विजेची लाइन ट्रिप झाली. इंडक्शन भट्टीत मेटल चौदाशे अंशांच्या घरात. भट्टीच्या भोवती तांब्याची कॉइल असते, तिच्यातून सतत पाणी फिरतं. वीज गेली की पंप बंद, पण मेटलची धग तशीच. कॉइल फुटली, पाणी मेटलला लागलं, की स्फोट. म्हणून वरच्या टाकीतून आपोआप उतरणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह आधी उघडायचा. एकाला तिकडं पळवलं. वीज लवकर येणार नाही हे सबस्टेशनवरून कळलं, म्हणजे मेटल खड्ड्यात ओतायला लागणार. पण खड्डा कोरडाठाक पाहिजे, ओल्या जागेवर वितळलेलं लोखंड पडलं की तेच संकट. मी स्वतः उतरून हातानं चाचपलं. एका खड्ड्याच्या कोपऱ्यात ओल होती, तो सोडला. दुसरा कोरडा होता. ओतायला लागतात तेवढी चार माणसं ठेवली, बाकी सगळी शेडच्या बाहेर. कुणी ओरडलं नाही, मीही नाही. हे काम आठवड्यापूर्वी आम्ही कोरडं, म्हणजे मेटलशिवाय करून बघितलं होतं, एवढंच त्यातलं रहस्य.

मेटल गारठल्यावर पोरांना बसवलं आणि प्रत्येकाला विचारलं, तू काय बघितलंस. व्हॉल्व्हवर गेलेला पोरगा म्हणाला, "म्याडम, चाक जाम होतं, मी लाथ घातली." हे कुठल्याही रिपोर्टात आलं नसतं. दुसऱ्या दिवशी चाक बदललं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट आणि पाणी गेलं ५५ च्या वर. शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली. आमची निम्मी माणसं नदीकाठच्या गावांतली, चिखली, आंबेवाडी. पाणी ओसरल्यावर ती कामावर आली खरी, पण हात मशिनवर आणि डोकं घरातल्या चिखलात. थोडक्यात बोट वाचलं, थोडक्यात लॅडल (मेटल ओतायचं भांडं) सटकली, असं रोज काहीतरी. मी पाळी सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना उभं करून एकच विचारायला लागले: आज घरचं कुठलं काम अडलंय? कुणाला पंचनाम्याला तलाठी भेटायला पाहिजे, कुणाची म्हस सापडत नाही. ज्याचं काम दोन तासांत होणार त्याला सोडायचं. वरून विचारणा झाली, प्रॉडक्शन कधी? म्हटलं, बोटं शाबूत राहिली की.

त्याच सुमाराला मिस्टरांची किडनी गेली. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, एका वेळेला चार तास. त्या बाकड्यावर बसून मी जेवढं शिकले तेवढं कुठल्या ट्रेनिंगमध्ये नाही. सुरुवातीला लोक कागद विचारायला यायचे. महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं का, रेशनकार्ड कुठलं लागतं, सही कुणाची. मला कागदाची सवय, मी सांगायची. कागदाचं बोलून झालं की माणूस उठायचा नाही, तिथंच बसायचा. मग खरं बोलणं निघायचं. "आता कसं व्हायचं" याला माझ्याकडं उत्तर नसायचं, आणि तो माणूसही उत्तर मागत नव्हता. "उद्या सकाळी काय करणार?" असं विचारलं की मात्र त्याची मान वर व्हायची.

२०२१ मध्ये मिस्टर गेले. त्यानंतर कंपनीचा मालक बदलला, माझी खुर्ची पुण्याला हलली आणि मला सल्लागार का काय ते पद देऊ केलं. नाही म्हटलं.

पुढचं थोडक्यात. कोचिंगचा रीतसर कोर्स केला, सराव केला, आता तेच काम करते. माझ्याकडं येतात ते लघुउद्योजक, सुपरवायझर झालेल्या पोरी, नोकरी गेलेले पन्नाशीतले इंजिनिअर, घरात मोठं आजारपण असलेली माणसं. कोर्समधली सगळी उदाहरणं बोर्डरूममधली, सगळं इंग्रजीत. मी ते "काय म्हणतोस, बस की" मध्ये करते. विचारा काय विचारायचं ते.

चंदेरी_हुपरी

एका दमात वाचलं. लाथ घातलेला पोरगा आवडला. घरचे काय म्हणाले ताई, प्लँट हेडची नोकरी सोडून हे?

मेल्टशॉप

सासूबाई म्हणाल्या, "लोकांची रडगाणी ऐकायला पैसे मिळतात व्हय?" अजून तेच म्हणतात. पण कुणी आलं की चहा त्याच टाकतात.

शंकेखोर

लेख चांगला, पण धाग्याचा रोख पटला नाही. हल्ली दर तिसरा माणूस कोच आहे. लाइफ कोच, माइंडसेट कोच, श्रीमंती कोच. दोन दिवसांचं वर्कशॉप, गळ्यात सर्टिफिकेट, इन्स्टावर रील. तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय? आणि फी किती, ते इथं उघड लिहा. विपूत नको.

मेल्टशॉप

शंकेखोर, उघडच लिहिते. तासाला पंधराशे. कारखान्याचा मालक असेल तर पूर्ण, नोकरी गेली असेल तर निम्मी, आणि डायलिसिसच्या बाकड्यावरून येणाऱ्यांना काही नाही.

फरकाचं म्हणाल तर तुमचा राग रास्त आहे. आपल्या देशात कोच म्हणवून घ्यायला कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. पाटी लावली की झालं. आयसीएफ नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, १९९५ पासूनची. तिची पहिली पायरी म्हणजे एसीसी. त्याला किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष सराव लागतो. पुढची पीसीसी, तिला सरावाचे ५०० तास. तेही ऐच्छिकच. म्हणून कोच निवडताना तीन गोष्टी विचारा: प्रशिक्षण कुठं घेतलं, सराव किती, आणि स्वतःच्या आवाक्याबाहेरचं आलं तर कुणाकडं पाठवता. तिसऱ्याला जो अडखळतो त्याच्याकडं जाऊ नका. "आयुष्य बदलून देतो" म्हणणाऱ्याकडं तर अजिबात नको.

मनमोकळी

मी कोल्हापुरातच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. तिसऱ्या प्रश्नाबद्दल मेल्टशॉपताईंना अनुमोदन. आमची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडं असते, कोचची नसते, त्यामुळं रेषा माहीत असलेली बरी. झोप उडालीय, भूक गेलीय, कशातच गोडी वाटत नाही, आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललंय, तर आधी डॉक्टर किंवा सायकॉलॉजिस्ट. दारू वाढली असेल, मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे सुद्धा थांबायचं नाही. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. हे धागा वाचणाऱ्या प्रत्येकानं फोनमध्ये साठवून ठेवा.

उद्यमनगरी

माझं वर्कशॉप आहे, जॉबवर्क करतो. २०१९ ला दोन मशिनचे स्पिंडल पाण्यात, २०२१ ला परत. आता बिलं अडकलीत. मोठ्या कंपनीचा व्हेंडर डेव्हलपमेंटवाला फोन उचलत नाही. मला कुणी कोचिंग करून काय होणार? मला पैसे पाहिजेत. माइंडसेट माझा एक नंबर आहे, भावा.

तिखटजाळ

नाद खुळा उत्तर. पेमेंट आलं की माइंडसेट आपोआप येतो.

मेल्टशॉप

उद्यमनगरी दादा, तुमचं शंभर टक्के खरं. थकलेल्या बिलावर मनाची उभारी हे औषध नाही. त्याचा उपाय वेगळा आहे, तो आधी सांगते. उद्यम नोंदणी आहे ना? सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. सरकारी पोर्टलवर तक्रार घालता येते. आयकरातही आता नियम आलाय, मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च त्यांना दाखवता येत नाही. त्यांच्या अकाउंट्स खात्याला या शेवटच्या वाक्याची जास्त भीती आहे. मार्चच्या आधी मेलमध्ये ते वाक्य नुसतं लिहून बघा.

आता कोचिंगचं. तुमच्यासारखेच एक जण आले होते (ओळख लागू नये म्हणून तपशील बदलतेय). विचारलं, किती अडकलेत? "बरेच." आकडा? "असतील की." आकडा माहीत नव्हता, कारण तो बघायचीच भीती वाटत होती. मी काही सांगितलं नाही, कोरा कागद पुढं सरकवला. पार्टीचं नाव, बिलाची तारीख, रक्कम. चौथ्या ओळीला पेन थांबलं. म्हणाले, "हे सगळं बायकोच्या वहीत आहे." आणि बायकोला मशिनचा हप्ता थकलाय हे सांगितलेलंच नव्हतं! पुढच्या खेपेला वहिनी आल्या, वही घेऊन. त्यांनीच दाखवलं की निम्मी रक्कम एकाच पार्टीकडं आहे, आणि त्या पार्टीच्या पर्चेसवाल्याची बहीण त्यांच्या भिशीत आहे. पुढचा फोन कुणी केला ते तुम्हीच ओळखा.

यात मी काय केलं? कागद दिला आणि गप्प बसले. पण तो कागद त्यांनी एकट्यानं घरात बसून भरला नसता.

उद्यमनगरी

ते ४५ दिवसांचं माहिती आहे ताई. पण पोर्टलवर तक्रार टाकली की पुढची ऑर्डर बंद. कायदा पुस्तकात बरा.

मेल्टशॉप

अगदी. म्हणून तक्रार हा शेवटचा पत्ता. आधी वही.

निवृत्त_फोरमन

मी शिरोलीतच होतो, दुसऱ्या फाउंड्रीत. आमच्याकडं पहिल्यांदा बाई शिफ्ट इनचार्ज आली तेव्हा आम्ही पैज लावली होती, दसऱ्यापर्यंत टिकती का नाही. फेटलिंगच्या (माल घासून साफ करायच्या) धुळीत कोण बाई राहणार. ती टिकली. वर आम्हाला मास्क लावायला लावले, जे आम्ही जन्मात लावले नव्हते. तिनं एकदा पगारपत्रकासारखी यादी आणली, कुणाची खोकल्यामुळं किती रजा झाली त्याची. माझं नाव वरून दुसरं. त्या दिवसापासून मास्क. ती ओरडली असती तर लावला नसता. एवढंच सांगायला लॉगिन केलं.

गडहिंग्लजची_पोर

ताई, मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सीएनसी मशिनवर आहे. मागच्या महिन्यात लाइन लीडर केलं. माझ्या हाताखाली सगळे माझ्यापेक्षा मोठे. तोंडावर "हो मॅडम", आणि पाठ वळली की सेटिंग बदलतात. रिजेक्शन माझ्या नावावर. त्यात पुढच्या महिन्यापासून दुसरी पाळी द्यायचं चाललंय, सुटायला रात्रीचे साडेअकरा होणार. घरून नको म्हणतात. सोडू का लीडरपद?

मेल्टशॉप

पोरी, सोडायचं का नाही ते तू ठरव, मी नाही सांगणार. पण ठरवायच्या आधी दोन्ही गोष्टी वेगळ्या कर.

सेटिंग बदलणारे सगळे आहेत का एकच आहे? बहुतेक एकच असतो आणि बाकीचे बघत असतात. त्याला सगळ्यांसमोर बोलू नकोस. पाळी सुरू व्हायच्या आधी त्याच्या मशिनवर जा आणि विचार, "हे ऑफसेट (टूलच्या मापाचं सेटिंग) का बदललं, मला दाखवा." कधी कधी त्याचं बरोबर असतं, टूल घासलेलं असतं आणि ते त्याला कानानं कळतं. मग तेच त्याच्या नावानं सेटअप शीटवर चढव. त्याचं चुकीचं असेल तर ते त्याला स्वतःच दाखवताना कळेल. आणि एका मशिनचं सेटिंग तरी अथपासून इतिपर्यंत स्वतःच्या हातानं शिकून घे. माझी मूठभर वाळू होती, तुझं तेवढं एक मशिन असू दे.

पाळीचं वेगळं. आमच्या वेळचा सातनंतर बंदीचा नियम आता सैल झालाय, पण अटींवर. तुझी संमती लागते, सुरक्षिततेची आणि ने-आणीची जबाबदारी कंपनीची. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रारींसाठी अंतर्गत समिती पाहिजे. तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर लावलेली आहेत का बघ. गाडी दारापर्यंत येणार का फाट्यावर सोडणार, हे लेखी माग. घरच्यांना "मी करू शकते" हे पटवत बसू नकोस, त्यांना ते माहीत आहे. त्यांना गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचं नाव दे.

चंदेरी_हुपरी

फाटा ते घर हाच खरा प्रश्न असतो. बाकी सगळं भाषणात.

शंकेखोर

फीचं उत्तर सरळ दिलंत, त्याबद्दल आभार. आता दुसरी शंका. संकटातून माणूस घडतो, सोनं तापल्यावरच उजळतं, असली भाषणं मला डोक्यात जातात. माझा भाऊ धंद्यात बुडाला तो घडला वगैरे नाही, नुसता म्हातारा झाला. तुम्ही कोच लोक हेच विकता ना?

मनमोकळी

यावर एक जुना अभ्यास आहे. हवाईमधल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षं माग ठेवला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार अशा ओझ्याखाली वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं चांगली, जबाबदार मोठी झाली. त्यांच्यात सारखं जे दिसलं त्यात एक गोष्ट ठळक होती: घरात किंवा घराबाहेर, त्यांच्या पाठीशी घट्ट उभं राहिलेलं किमान एक तरी माणूस.

शंकेखोर

म्हणजे दोन तृतीयांशांना त्रास झालाच की.

मनमोकळी

झालाच. त्यातले बरेच जण पुढं तिशी-चाळिशीत सावरले, पण सगळे नाही. तुमच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटलं.

मेल्टशॉप

शंकेखोर, ते सोन्याचं वाक्य मी कुणालाच ऐकवत नाही. मी आयुष्यभर धातू तापवलेत. जास्त तापवलं की बिघडतो, आणि पुष्कळसा माल भंगारात जातो हे मला इथल्या कुणापेक्षाही जास्त माहीत आहे. मिस्टर गेल्यामुळं मी घडले असं कुणी म्हटलं तर मी त्याला घरातून हाकलेन. मी आधीच घडलेली होते, ते गेल्यामुळं माझं नुकसान झालं. बास.

मी विकते ती एकच गोष्ट: तासभर तुमच्यासमोर बसून मी तुमचं ऐकणार, घाई करणार नाही, सल्ला देणार नाही, आणि उठताना तुमच्या हातात उद्याचं एक काम असेल, तुम्हीच ठरवलेलं. ते झालं का, हे मी पुढच्या वेळी विचारणार. भाऊ बोलणार असतील तर पहिले दोन तास माझ्याकडून. ते नाही बोलले आणि तुम्हाला बोलायचं असेल, तरी चालेल.

शंकेखोर

बघतो. तो कुठं बोलतोय.

तिखटजाळ

अवांतर: आपल्याकडं कांचनताई परुळेकर होत्याच की. बँकेतली नोकरी सोडून बायकांसाठी स्वयंसिद्धा संस्था उभी केली, किती बायका पायावर उभ्या राहिल्या. तेव्हा कोच हा शब्द नव्हता, फुकटात होतं.

मेल्टशॉप

कांचनताईंपुढं आम्ही कोण! पण फुकटात नव्हतं हो. त्यांनी आपलं आख्खं आयुष्य घातलं, त्याचं बिल कुणी फाडलं नाही एवढंच. मला घरभाडं आहे, मुलीची फी आहे. बाईनं दुसऱ्याचं ऐकून घेणं हे फुकटचंच काम असतं असं आपण धरून चालतो, त्याला माझा पक्का विरोध आहे. सासूबाईंसकट.

निवृत्त_फोरमन

म्याडम, निवृत्त माणसाला पण घेता का? दिवस जात नाही. घरात कुणी विचारत नाही, पहिल्या पाळीच्या वेळेला जाग मात्र येती.

मेल्टशॉप

घेते की. पण तुमच्यासाठी मला वेगळंच सुचतंय. गडहिंग्लजच्या पोरीसारख्या पाच-सहा जणी आहेत, कुणी कागलला, कुणी शिरोलीला. महिन्यातून एकदा रविवारी आम्ही भेटतो. त्यांना सेटिंग कळतं, पण पाठीमागं काय चालतं, पैजा कशा लागतात, ते सांगणारं कुणी नाही. तुम्ही आलात तर त्यांची निम्मी अडचण तिथंच सुटेल. मास्कच्या यादीची गोष्ट तेवढी परत सांगायला लागेल.

निवृत्त_फोरमन

येतो. गाडी आहे माझी. टाउन हॉलपासून कुणाला यायचं असेल तर घेऊन येतो.

उद्यमनगरी

ताई, राहवलं नाही म्हणून सांगतो. रात्री मिसेसला वही काढायला लावली. एकूण आकडा मला वाटत होता त्यापेक्षा कमी निघाला, पण दोन बिलं आम्ही पाठवलेलीच नाहीत! मालाबरोबर चलन गेलंय, बिल नाही. आता सांगा, यात माइंडसेट कुणाचा.

तिखटजाळ

काटा किर्रर्र!

गडहिंग्लजची_पोर

माझा पण अपडेट. एकच होता, ताई. टूल घासल्यामुळं तो ऑफसेट देत होता, आणि त्याचं अर्धं बरोबर होतं. टूल बदलायची ठरलेली संख्या जास्त धरलीय, ते त्यानं दाखवलं. क्वालिटीला कळवलंय. अजून मॅडम म्हणताना हसतो, पण सेटिंग विचारून बदलतोय. दुसऱ्या पाळीचं एचआर म्हणतात, गाडी देऊ, पण लेखी काही देत नाहीत. "बघू" म्हणतात.

मेल्टशॉप

मग तूच लिही. "आज आपल्या बोलण्यात ठरल्याप्रमाणे रात्री साडेअकराला गाडी मला घराच्या दारापर्यंत सोडणार आहे, यात काही बदल असल्यास कळवावे," एवढा मेल टाक, सुपरवायझरला सीसी. ते उत्तर देवोत न देवोत, तुझ्याकडं कागद झाला. मसुदा करून विपूत पाठव, रात्री बघते. आत्ता एक जण यायची वेळ झालीय.